शनीच्या चंद्राला उशीर का झाला

आदरणीय रत्नप्रभा साळवे बाई यांची आणि माझी पहिली भेट पाथर्डीच्या एसटी स्टँडसमोरच्या टायपिंगच्या दुकानात झाली. मी तिथे कामाला आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, पत्रिका असे आमचे काम असते. या गौरवग्रंथातील बहुतेक लेख बाईंच्या विद्यार्थ्यांचे आहेत. मी त्यांचा विद्यार्थी नाही. माझी शाळा नववीत सुटली आणि बाई त्याआधीच निवृत्त झाल्या होत्या. अमृतमहोत्सव समितीने मला लिहायला सांगितले, तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा हो म्हणालो, त्याचे कारण पुढे येईल.

त्या दुपारी बाई हाताने लिहिलेली चार पाने घेऊन आल्या. त्यांच्या घरच्या संगणकाचा कीबोर्ड बिघडला होता. पानांवर एकही शब्द नव्हता, नुसते आकडे होते आणि प्रत्येक आकडा दहा-अकरा अंकांचा होता. मी ते टाईप केले, दोनदा ताडून पाहिले. तेव्हा लक्षात आले की एका पानावर लागोपाठच्या दोन ओळी तंतोतंत सारख्या आहेत. गिऱ्हाइकाच्या मजकुरात आपण बोलायचे नसते, असे मालकांनी सांगून ठेवले होते. तरी शेवटी न राहवून मी विचारले. बाईंनी चष्मा बदलून पाहिले. म्हणाल्या, ही ओळ माझ्याकडून दोनदा उतरली. मी चार वेळा वाचूनही मला दिसली नाही. मग मी किती शिकलो ते त्यांनी विचारले. मी नववी म्हणालो. ही नजर कुठे शिकलास, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी खरे तेच सांगितले: लग्नपत्रिकेत एक नाव चुकले तर दोन घरांत वर्षभर भांडण चालते. बाई हसल्या आणि रविवारी घरी ये म्हणाल्या.

बाईंच्या घरी गेल्यावर कळले की ते आकडे शनी ग्रहाच्या आसपासच्या आकाशाचे होते. बाईंनी बत्तीस वर्षे भूगोल आणि विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर त्या जे करू लागल्या, ते आपल्या तालुक्यात फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून नीट सांगतो. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणी आकाशाची छायाचित्रे घेतात. काही काळाने ती छायाचित्रे सर्वांसाठी खुली होतात आणि इंटरनेटवरून कोणालाही उतरवून घेता येतात. शनीला लहान लहान पुष्कळ चंद्र आहेत. त्यांतले काही इतके अंधुक की एका चित्रात ते दिसतच नाहीत. पण शनी ज्या वेगाने सरकतो, त्याच वेगाने एकेक चित्र सरकवून ती एकमेकांवर ठेवली, तर ताऱ्यांच्या रेघा होतात आणि शनीबरोबर चालणारी वस्तू टिंबासारखी उमटते. ते टिंब शोधायचे आणि त्याची जागा मोजायची. हे काम भर दिवसा, पडदे ओढलेल्या खोलीत, संगणकासमोर बसून होते. बाई हे सगळे साठीनंतर, स्वतःचे स्वतः शिकल्या. इंग्रजी मजकुरातला न कळलेला शब्द त्या वहीत लिहीत आणि त्याचा अर्थ लागल्याशिवाय पुढचे पान वाचत नसत. त्या वह्या मी पाहिल्या आहेत.

दर रविवारी आणि दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी जाऊ लागलो. बाई चित्रे लावायच्या, मी टिंबांच्या जागा मोजून वहीत उतरवायचो. माझ्या आईला हे पसंत नव्हते. आपल्या जिल्ह्यात शनीशी कोणी सलगी करत नाही. शनिवारी तेल वाहून लांबूनच नमस्कार करतात. एकदा बाई आमच्या घरी आल्या असता आईने सरळ विचारले, "माझ्या पोराला साडेसाती तर न्हाई ना लागायची, बाई?" बाईंची श्रद्धा वेगळी, त्या बुद्धांना मानणाऱ्या. पण त्यांनी आईची थट्टा केली नाही. म्हणाल्या, "साडेसाती नाही लागायची, मावशी. डोळे तेवढे दुखतील. त्याला ताक देत जा." आई अजूनही मला रविवारी ताक पाजल्याशिवाय सोडत नाही.

बाईंचा कामातला एकच नियम होता. जे दिसले ते लिहायचे, जे दिसावेसे वाटते ते लिहायचे नाही. एकदा मी एक फिकट टिंब, ते असायलाच हवे म्हणून, वहीत टाकले. बाईंनी ते चित्र पुन्हा लावून मला दाखवायला सांगितले. मला दाखवता येईना. त्या रागावल्या नाहीत. ओळ खोडायला लावली आणि खोडलेली ओळ वाचता येईल अशी खोडायला लावली. म्हणाल्या, खोडले हेही दिसले पाहिजे.

मग श्रावणातल्या एका दुपारी आम्हाला एक वेगळेच टिंब दिसले. माहीत असलेल्या चंद्रांच्या यादीत ते कुठेच बसत नव्हते. मी उठून उभा राहिलो. बाई बसूनच होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवशीची चित्रे लावली आणि ते कुठे असेल हे मला न सांगता शोधायला लावले. मला सापडले. तरी त्या एवढेच म्हणाल्या की घोडेगावच्या बाजारात तुझे वडील आपला बैल कसा ओळखतात ते आठव. माझे वडील ऊसतोडीला बैलगाडी घेऊन जायचे. हजार जनावरांतून ते आपला बैल ओळखत, पण रंगावरून नाही, चालीवरून. बाईंचे म्हणणे तेच होते. एका टिंबावरून चंद्र ठरत नाही. तीन-चार वर्षांच्या चित्रांत त्याची चाल जुळली पाहिजे.

पुढचे दीड वर्ष आम्ही जुन्या चित्रांतून त्याचा माग काढला. आणि इथेच ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी हा लेख लिहीत आहे.

नोंदी पुरेशा झाल्यावर बाईंनी संगणकावर त्या टिंबाचा मार्ग जुळवून पाहिला. बहुतेक ओळी जुळल्या. अकरा ओळी काही केल्या जुळेनात. त्या अकरा ओळींत ते टिंब जिथे असायला हवे तिथे नव्हते, बरेच दूर होते. बाईंनी सर्व मोजणी पुन्हा केली. मीही केली. जागा बरोबर निघाल्या, मार्ग जुळेना. काही महिन्यांनी बाई या निष्कर्षाला आल्या की आपण ज्याला एक चंद्र समजलो, त्या दोन-तीन वेगळ्या वस्तू असाव्यात, वाटेने जाणाऱ्या लघुग्रहांसारख्या. अकरा ओळी गाळून बाकीच्या पाठवाव्यात, असे मी सुचवले. बाई नाही म्हणाल्या. न जुळणाऱ्या ओळी लपवून जुळणारा चंद्र पाठवायचा नाही. अशा नोंदी तपासणारे एक आंतरराष्ट्रीय कार्यालय आहे. तिथे काहीही न पाठवता त्यांनी वही कपाटात ठेवली. तशी ती आठ महिने राहिली.

एका गुरुवारी दुकानात गावोगाव प्रवासी नेणारी वडापची जीप चालवणारा एक गृहस्थ आणि त्याची आई बारशाची पत्रिका छापायला आले. बारावा दिवस कोणता येतो, यावरून दोघांचे वाटेतच बिनसले होते. जीपवाल्याच्या हातात दवाखान्याचा कागद होता आणि त्यावर जन्माचा वार शुक्रवार लिहिला होता. बाळाच्या आजी म्हणत होत्या, गुरुवार.

"कागदावर शुक्रवार हाय, आई," तो म्हणाला.

"कागद काय माझ्यासंगं बाळंतिणीच्या खोलीत हुता का? उजाडलं न्हवतं अजून. बेस्तरवारच त्यो."

"आवं, पहाटचे साडेचार वाजल्यालं."

"मंग? उजाडल्याबिगर दिस बदलतोय व्हय?"

तो माझ्याकडे वळून म्हणाला, तुम्हाला काय टाकायचे ते टाका, पण हिला गप करा. मी काही टाकू शकलो नाही. आजी बोलत होत्या ते मला नवीन नव्हते. आमच्याही घरी दिवस उजाडल्यावरच बदलतो. माझी बहीण पहाटे चारला जन्मली, तिचा वार आई आदल्या दिवसाचाच सांगते. आणि माझ्या लक्षात आले की वहीतही मी तसेच केले आहे.

ते असे. दुर्बिणीच्या चित्रावर जागतिक वेळ असते. बाईंची जुनी सवय आपल्या घड्याळाची वेळ लिहिण्याची होती, म्हणून वहीत आम्ही आपली वेळ लिहीत होतो आणि संगणकात भरताना त्यातून साडेपाच तास वजा करत होतो. आमची काही चित्रे दक्षिण अमेरिकेतल्या एका डोंगरावरून घेतलेली होती. तिकडे संध्याकाळ सरून अंधार पडतो, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार-पाच वाजलेले असतात. घड्याळाच्या हिशेबाने मध्यरात्रीच तारीख बदललेली असते. मी मात्र वेळ पहाटेची लिहिली आणि तारीख आदल्या दिवसाची लिहिली, कारण उजाडले नव्हते. दीड वर्षात मला एकदाही वाटले नाही की यात काही चूक आहे. आकडे आम्ही दहा वेळा तपासले. तारीख ही तपासण्याची गोष्ट आहे, असे दोघांच्याही मनात आले नाही. आमची बाकीची चित्रे आपल्याकडे उजाडल्यानंतरची होती. ज्या ओळी अंधार पडताच घेतलेल्या चित्रांच्या होत्या, तेवढ्याच एक दिवस मागे गेल्या होत्या. त्या अकरा होत्या.

मालकांना सांगून मी दुकानातून निघालो. बाईंचे घर चालत दहा मिनिटांवर आहे. मला तिथे पोचायला अर्धा तास लागला, कारण मी दोनदा परत फिरलो. हे काम माझ्या आयुष्यातले एकमेव काम होते, ज्यात कोणी मला माझे शिक्षण विचारून बाजूला केले नव्हते. ते आता संपले, असे मला वाटत होते. न सांगता राहिलो असतो तर कोणालाही कळले नसते. वही कपाटातच होती.

बाई दारातच भेटल्या. मी उभ्यानेच म्हणालो, "बाई, त्या अकरा ओळी चुकल्या नाहीत. माझ्या तारखा चुकल्यात."

त्यांनी मला बसायला सांगितले, पाणी दिले. मी बारशाच्या पत्रिकेपासून सगळे सांगितले. सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "तुमच्याकडे दिवस उजाडल्यावर बदलतो?"

मी हो म्हणालो.

"आमच्याकडेही. माझी आई असंच सांगायची. मी शाळेत मुलांना सांगायचे, तारीख मध्यरात्री बदलते, आणि घरी आले की आईचंच खरं. गोरख, हे मी तुला पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. बत्तीस वर्षं मी शिकवत राहिले, समोरच्याला आधीपासून काय येतं हे विचारायचं राहून गेलं."

वही निघाली. आम्ही अकराच्या अकरा तारखा मूळ चित्रांवरून पाहून दुरुस्त केल्या. जुन्या तारखा वाचता येतील अशाच खोडल्या. संगणकाने मार्ग जुळवला. सगळ्या ओळी एका रेषेवर आल्या. बाईंनी चष्मा काढून बराच वेळ हातात धरून ठेवला होता.

गोष्ट इथे संपली असती तर हा लेख सोपा झाला असता. सोमवारी नोंदी पाठवण्याआधी बाईंनी त्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाची नवी परिपत्रके उघडली. नऊ दिवसांपूर्वी परदेशातल्या एका गटाने नव्या चित्रांवरून शनीचा एक नवा लहान चंद्र जाहीर केला होता. बाईंनी त्याचा मार्ग आपल्या मार्गावर ठेवून पाहिला. तो आमचाच चंद्र होता.

मी दुकानातून बाईंकडे आलो तेव्हा त्यांनी ते मला दाखवले. मला कळायला वेळ लागला नाही. आठ महिने वही कपाटात होती ती माझ्या तारखांमुळे. ती कपाटात नसती, तर शोध बाईंच्या नावावर गेला असता. गुरुवारी त्यांनी मला माफ केले तेव्हा त्याची किंमत त्यांना ठाऊक नव्हती. आता ती समोर होती. मी त्यांच्याकडे पाहू शकत नव्हतो.

बाईंनी संगणकावरचे पान बदलले, नोंदी पाठवायचा रिकामा तक्ता उघडला आणि म्हणाल्या, "ओळी वाच."

मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. त्यांनी भरल्या. त्याच दिवशी सर्व नोंदी त्या कार्यालयाकडे आणि त्या गटाकडेही गेल्या. सोबतच्या पत्रात बाईंनी काहीच मागितले नव्हते. उशीर का झाला, ते एका वाक्यात होते: आमच्याकडून तारखा नोंदवण्यात चूक झाली. त्या वाक्यात माझे नाव नव्हते.

त्या गटाच्या नोंदी एकाच हंगामातल्या होत्या. तेवढ्यावर लहान चंद्राचा मार्ग पक्का होत नाही आणि असे चंद्र पुन्हा हरवतात. आमच्या जुन्या नोंदी जोडल्यावर मार्ग पक्का झाला. त्यांनी ते मोकळेपणाने कळवले. पुढच्या परिपत्रकात मोजणी करणारे म्हणून दोन नावे आली, बाईंचे आणि माझे. माझे नाव तिथे घालण्याबद्दल बाईंनी मला विचारले नव्हते. आणि त्या गटाने लिहिले की चंद्राला अधिकृत क्रमांक मिळाल्यावर त्याचे नाव बाईंनी सुचवावे.

ही बातमी तालुक्यात पसरली, तेव्हा पुष्कळांचा आग्रह होता की चंद्राला बाईंचेच नाव द्यावे. काहींनी ग्रामदैवताचे नाव सुचवले, एका पुढाऱ्याच्या माणसांनी पुढाऱ्याचे सुचवले. बाईंनी प्रत्येकाला चहा देऊन नियम समजावून सांगितला: शनीच्या या घराण्यातल्या चंद्रांना युरोपातल्या उत्तरेकडच्या देशांतील जुन्या कथांमधल्या राक्षसांची नावे देतात. पुढाऱ्याच्या माणसांना मग आपले नाव मागे घ्यावेसे वाटले. बाईंनी त्या राक्षसांच्या कथा मिळवून चार महिने वाचल्या. पराक्रमी राक्षस पुष्कळ होते. त्यांनी निवडले ते एका राक्षसीचे नाव. तिची कथा कुठेही उरलेली नाही. जुन्या एका यादीत नुसते नाव आहे. मी कारण विचारले. बाई म्हणाल्या, दिवाळीच्या आधी वर्ग अर्धे रिकामे व्हायचे, मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची, पण हजेरीत मी त्यांची नावे सगळा हंगाम रोज वाचायचे. कोणी ओ देत नसे. नाव वाचत राहिले की जागा राहते. ते नाव अजून मंजूर झालेले नाही. मंजूर होण्याआधी छापू नये, असे बाईंनी बजावले आहे, म्हणून ते येथे देत नाही.

आता मी हा लेख का लिहिला ते सांगतो. गेल्या दोन वर्षांत मी पारावर, दुकानात, कार्यक्रमात वेगवेगळे ऐकले. कोणी म्हणते, परदेशी लोकांनी बाईंचा चंद्र पळवला. कोणी म्हणते, बाईंचे वय झाले, वेळेत जमले नाही. एका सभेत एक शिक्षक बाईंच्या समोर म्हणाले की आपल्या लोकांना वेळेचे महत्त्व कळत नाही. मी मागच्या खुर्चीवर होतो. बाई ऐकून घेत होत्या. त्यांनी एका शब्दाने सांगितले असते, तर तो डाग त्यांच्यावरून उतरून माझ्यावर आला असता. त्यांनी तो शब्द दोन वर्षांत कोणालाही सांगितला नाही, स्वतःच्या मुलीलाही नाही.

म्हणून समितीने तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी बाईंकडे गेलो आणि खरे लिहायची परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, "लिही. तुझं पोट त्या दुकानावर आहे, म्हणून मी बोलले नाही. चूक तू केलीस, आणि ती शोधून तूच सांगायला आलास. लोक पहिलं अर्धं लक्षात ठेवतात, गोरख. पत्रिका छापायला येणारा माणूस दारातूनच मागे फिरला असता. आता लिहायचं तर दोन्ही अर्धे लिही."

मी दोन्ही लिहिले आहेत. परदेशी गटाने काही पळवले नाही. त्यांनी आपले काम चोख केले. बाईंना उशीर झाला नाही. उशीर माझ्या वहीने केला.

बाईंच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची दिवाळीनंतर आहे. ती सुखरूप पार पडो. गुडघे जिना चढताना कुरकुरतात, त्यांनी निदान संगणकाच्या खोलीपुरते तरी साथ द्यावी. चित्रांचे दोन नवे संच खुले झाले आहेत आणि पहिल्या पानावर बाईंनी स्वतःच्या हाताने जागतिक वेळेचा रकाना आखला आहे. बाईंना शंभरी पार करणारे निरोगी आयुष्य लाभो, अशी मी मनापासून इच्छा करतो. त्यात माझा स्वार्थही आहे. मी कितीही जपून लिहिले तरी माझ्याकडून पुन्हा चुका होणार. त्या सापडतील त्या दिवशी जाऊन सांगायला मला बाईंचेच दार उघडे मिळावे.